इंग्लंडच्या छोट्या मार्केट टाउनमध्ये गावची खबर कशी ठेवायची आणि कुठल्या कामाला कुणाचं दार ठोठवायचं

घर परवडतं म्हणून किंवा हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून लंडन-स्लाऊ सोडून स्किप्टन, लडलो, सॅफ्रन वॉल्डन, डिव्हायझिस असल्या गावात राहायला आलेल्या माणसाची पहिले काही महिने एकच रड असते, इथे काही घडतच नाही हो, आणि घडलं तरी कळत नाही. घडतं भरपूर. फक्त ते एका जागी लिहिलेलं नसतं, थोडं चौकातल्या फळ्यावर असतं, थोडं लायब्ररीच्या टेबलावर, थोडं बाजाराच्या दिवशी भाजीवाल्याच्या तोंडी, आणि सरकारी कामं तर दोन-तीन काउन्सिलांत अशी वाटलेली की फोन कुणालाही करा, पलीकडून "हे आमच्याकडे येत नाही" हेच ऐकायला मिळतं. हे वाटप एकदा डोक्यात बसलं की निम्मी धावपळ वाचते म्हणून तिथूनच सुरू करतो, बाकीचं मागून.

कुठली काउन्सिल काय करते

जुन्या पद्धतीत तीन थर असतात. सगळ्यात वर काउंटी काउन्सिल, तिच्याकडे रस्ते, शाळा, लायब्ररी, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांची देखभाल. मधे डिस्ट्रिक्ट किंवा बरो काउन्सिल, तिच्याकडे घरचा कचरा उचलणं, काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) गोळा करणं, बांधकाम परवानग्या, मतदार यादी, हॉटेलांच्या स्वच्छतेची तपासणी. आणि खाली टाउन काउन्सिल, बागा, बाकं, अलॉटमेंट (भाजी लावायला भाड्याने मिळणारे जमिनीचे तुकडे), ख्रिसमसचे दिवे, काही ठिकाणी बाजार, काही ठिकाणी सार्वजनिक संडास. कचरा उचलणार डिस्ट्रिक्ट, पण उचललेल्या कचऱ्याचं पुढे काय करायचं ते बघणार काउंटी. यात तर्क शोधत बसू नका.

उदाहरण घ्या, सॅफ्रन वॉल्डनला वर एसेक्स काउंटी काउन्सिल, मधे अटल्सफर्ड डिस्ट्रिक्ट, खाली सॅफ्रन वॉल्डन टाउन काउन्सिल. लडलोला मात्र मधला थरच नाही, २००९ पासून श्रॉपशर काउन्सिल एकटीच सगळं बघते आणि खाली गावची टाउन काउन्सिल. स्किप्टनला एप्रिल २०२३ मध्ये क्रेव्हन डिस्ट्रिक्ट बंद होऊन नॉर्थ यॉर्कशर काउन्सिल आली. आता डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने सगळीकडचेच दोन थर मोडून एक करायचं ठरवलंय, त्यामुळे शेजारच्या आजींनी सांगितलेलं काउन्सिलचं नाव आणि फ्रिजवर चिकटवलेला फोन नंबर दोन्ही कालबाह्य असू शकतात. सरकारच्या गव्ह डॉट यूके या साइटवर तुमचा पोस्टकोड टाकला की तुमच्या वरच्या काउन्सिल कुठल्या ते येतं, तेवढं एकदा करा आणि लिंक फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे काउन्सिल टॅक्सचं बिल. बहुतेक लोक वर पत्ता आणि खाली रक्कम एवढंच बघतात आणि ड्रॉवरमध्ये टाकतात, पण मधला तक्ता वाचा ना. काउंटी इतके, डिस्ट्रिक्ट इतके, टाउन काउन्सिल इतके, पोलीस इतके, फायर इतके असं ओळीने दिलेलं असतं. बिल पाठवणारी डिस्ट्रिक्ट असली तरी त्यातला मोठा घास काउंटीचा असतो हे तिथेच दिसतं, आणि टाउन काउन्सिलची ओळ बघून तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची तेही कळतं. घराचा बँड ए पासून एच पर्यंत, तो ठरतो १ एप्रिल १९९१ ला त्या घराची काय किंमत झाली असती यावर, आज तुम्ही काय मोजलेत याच्याशी संबंध नाही. घरात एकच सज्ञान माणूस राहत असेल तर २५ टक्के सूट आहे, पण ती मागावी लागते, आपणहून कुणी देत नाही. हप्ते साधारण एप्रिल ते जानेवारी असे दहा असतात, बारा करून हवे असतील तर सांगायचं, करून देतात.

बिनचं वेळापत्रक

नव्या घरात गेल्यावर वायफायच्या आधी बिनचा, म्हणजे कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा, वार शोधा. काउन्सिलच्या साइटवर पोस्टकोड टाकून कॅलेंडर डाउनलोड होतं. बिनचे रंग काउन्सिलगणिक वेगळे, आधीच्या गावात निळं बिन कागदाचं होतं म्हणून इथेही तसंच असेल असं धरून चालू नका. आणि बँक हॉलिडेच्या (सार्वजनिक सुट्टीच्या) आठवड्यात वार एक दिवस पुढे सरकतो, ख्रिसमसला तर दोन-तीन आठवडे सगळं वेळापत्रकच हललेलं असतं, तेव्हा गल्लीत कुणी बिन बाहेर काढलंय का ते बघून आपलं काढायचं ही पद्धत चालते, फक्त ज्याचं बघून काढताय त्याला माहीत असलं पाहिजे. प्रत्येक गल्लीत एक तरी रिटायर्ड आजोबा असे असतात ज्यांचं बिन कधीच चुकत नाही, ते घर कुठलं ते हेरून ठेवा. बिन सकाळी सहा-सातच्या आत बाहेर हवं, म्हणजे खरं तर आदल्या रात्रीच.

रिसायकलिंगमध्ये उष्टं, तेलकट पिझ्झाचा खोका वगैरे सापडलं तर बिन तसंच ठेवून वर टॅग लावून जातात, मग दोन आठवडे त्या भरलेल्या बिनकडे बघत बसा. उरलेल्या अन्नासाठी वेगळा छोटा डबा, ते दर आठवड्याला उचलायचा नियम इंग्लंडभर ३१ मार्च २०२६ पासून लागू आहे. बागेच्या कचऱ्याच्या बिनला बहुतेक ठिकाणी वर्षाचे वेगळे पैसे लागतात, बाग फरशीची असेल तर घेऊच नका.

मोठं सामान, जुनी गादी, तुटकं कपाट, हे टिपला न्यायचं. टिप म्हणजे काउंटीचं रिसायकलिंग सेंटर, काही ठिकाणी आधी ऑनलाइन स्लॉट घ्यावा लागतो, पत्त्याचा पुरावा बघतात, व्हॅन घेऊन गेलात तर बहुतेक वेळा परमिट विचारतात. घरातलं थोडंफार तोडफोडीचं सामान असेल तर त्याला पैसे लावायची काउन्सिलला २०२३ च्या डिसेंबरअखेरपासून परवानगी नाही, म्हणजे बाथरूमच्या चार फरशांचे पैसे मागितले तर नम्रपणे विचारा. आणि फेसबुकवर "वीस पाउंडात सगळं घेऊन जातो" म्हणणारा व्हॅनवाला भेटला तर त्याचं वेस्ट कॅरियर लायसन्स (कचरा वाहून न्यायचा परवाना) एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या साइटवर तपासा, कारण त्याने ते शेताच्या बांधावर टाकलं आणि त्यात तुमच्या नावाचं पाकीट निघालं तर दंड तुम्हालाही होतो, ६०० पाउंडपर्यंत. दाराशी उभं राहून लायसन्स नंबर विचारायला अवघड वाटतं खरं, पण जो देत नाही त्याला गादी देऊ नका.

खड्डे, दिवे, तुटकं बाक

यासाठी फिक्समायस्ट्रीट नावाची साइट आहे, मायसोसायटी या संस्थेने २००७ मध्ये काढलेली. नकाशावर टाचणी टोचायची, फोटो टाकायचा, तक्रार कुठल्या काउन्सिलकडे जायला हवी ते तीच ठरवते, म्हणून वरचं सगळं वाचून डोकं फिरलं असेल तर निदान एवढं लक्षात ठेवा. फोटो काढताना खड्ड्याशेजारी काहीतरी ठेवा म्हणजे खोली कळेल, कारण काउन्सिलांची एक ठराविक खोली ठरलेली असते आणि त्याच्या आत असेल तर "आम्ही लक्ष ठेवून आहोत" असं उत्तर येतं. अर्थात गाडी येत नाहीये ना ते बघून मग वाका. रस्त्यावरचा दिवा गेला असेल तर खांबावर एक नंबर असतो, तो दिला की काम पटकन होतं, नुसतं "चर्चजवळचा दिवा" म्हटलं तर चर्चजवळ आठ दिवे असतात. मोटरवे आणि मोठे ए रोड नॅशनल हायवेजकडे, तिथल्या खड्ड्याचं काउन्सिलला सांगून उपयोग नाही. वीज गेली तर १०५, आणि गॅसचा वास आला तर फॉर्मबिर्म काही नाही, ०८०० १११ ९९९ ला लगेच फोन.

बातम्या कुठे मिळतात

चौकात किंवा टाउन हॉलच्या भिंतीला एक काचेचा कुलूपबंद फळा असतो. पिन गंजलेल्या, एखादा कागद उन्हाने पिवळा पडलेला, त्यामुळे लोक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, पण गावातली सगळ्यात खात्रीची बातमी तिथेच असते. टाउन काउन्सिलच्या मीटिंगची नोटीस पूर्ण तीन दिवस आधी लावावीच लागते, कायदा आहे, १९७२ चा. सोबत विषयांची यादी. ती वाचायची युक्ती अशी की "माहिती घेणे", "नोंद घेणे" असले विषय सोडून द्या, जिथे ठराव करायचाय असं लिहिलंय तेवढे बघा, कार पार्क, झाडं, बाजाराचं भाडं, स्केटपार्क, पैसे तिथेच खर्च होणार असतात.

या मीटिंगला कुणीही जाऊन बसू शकतं, १९६० च्या कायद्याने हक्क दिलाय, तुम्ही नागरिक आहात का मतदार आहात का असं कुणी विचारत नाही. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला लोकांना बोलायला थोडा वेळ ठेवतात, माणशी दोन-तीन मिनिटं. आधी टाउन क्लार्कला ईमेल करून ठेवा. क्लार्क हा त्या काउन्सिलचा पगारी माणूस, नगरसेवक येतात-जातात, क्लार्क राहतो, आणि गावात कुठला पाइप कुठून जातो इथपासून मेयरची साखळी कुठल्या कपाटात आहे इथपर्यंत त्यालाच माहीत असतं. त्याच्याशी नीट वागा. मीटिंग मात्र कंटाळवाणी असते हे सांगून ठेवतो, मागच्या इतिवृत्तातला स्वल्पविराम दुरुस्त करण्यात वीस मिनिटं गेली तर नवल वाटून घेऊ नका.

आठवड्याचं लोकल वर्तमानपत्र आता बरंच बारीक झालंय, बरीचशी दोन-चार मोठ्या कंपन्यांच्या हातात आहेत आणि पानं शेजारच्या गावांच्या बातम्यांनी भरलेली असतात. तरी दोन गोष्टींसाठी चाळा. एक, मागची जाहीर नोटिसांची पानं, रस्ता किती दिवस बंद, कुठल्या दुकानाला दारूचं लायसन्स हवंय, सगळं तिथे छापून येतं. दुसरं, बातमीखाली लोकल डेमॉक्रसी रिपोर्टर असं लिहिलं असेल तर ती जरूर वाचा, हे पत्रकार बीबीसीच्या पैशातून काउन्सिलच्या मीटिंगांना बसायलाच नेमलेले असतात. दारातून पडणारं फुकटचं मासिक निम्मं-अधिक जाहिरातींचं असतं, ते प्लंबर आणि चिमणी साफ करणारा शोधायला ठेवायचं. लायब्ररी, चर्चची पोर्च, पोस्ट ऑफिसची खिडकी इथल्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या म्हणजे सेकंडहँड कॉट, पियानो शिकवणारे, हरवलेलं मांजर.

आणि फेसबुक ग्रुप. प्रत्येक गावाचे निदान दोन असतात, एक मूळचा आणि दुसरा मूळच्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनशी भांडून निघालेल्यांचा. हेलिकॉप्टर कशाला फिरतंय, फटाके कोण उडवतंय, चिप्सचं दुकान उघडं आहे का, यासाठी उत्तम. पाणी गेलंय का ते कंपनीच्या साइटच्या आधी तिथे कळतं. पण कुणावर चोरीचा संशय, कुणाच्या दुकानाची बदनामी, औषधाचा सल्ला, शाळेबद्दलच्या अफवा, यात पडू नका, छोट्या गावात तुम्ही लिहिलेलं उद्या शाळेच्या गेटवर तुमच्या तोंडावर विचारलं जातं. एरियातल्या गुन्ह्यांची खरी माहिती हवी असेल तर पोलीस डॉट यूके वर पोस्टकोड टाका, तुमच्या भागाची टीम कोण, त्यांची पुढची भेट कुठे, सगळं आहे. तातडीचं नसेल तर १०१.

गावात सायरन वाजवत फायर इंजिन जाण्याआधी दोन-तीन गाड्या घाईघाईने फायर स्टेशनकडे जाताना दिसल्या तर दचकू नका, छोट्या गावातले बरेचसे फायरमन ऑन-कॉल असतात, कुणी सुतार, कुणी दुकानदार, पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावतात. त्यांना वाट द्या.

बाजाराचा दिवस

गावाला मार्केट टाउन म्हणतात ते बाजारामुळेच, मध्ययुगात राजाकडून बाजार भरवायचा हक्क मिळालेली ही गावं, आणि शेजारचा बाजार सहा आणि दोन तृतीयांश मैलांच्या आत नको असा जुना नियम होता, म्हणजे माणसाने चालत जावं, विकावं आणि दिवसाउजेडी परत यावं. वार गावागणिक वेगळे, बेकवेलचा सोमवार, डिव्हायझिसचा गुरुवार, स्टॅमफर्डचा शुक्रवार, सॅफ्रन वॉल्डनचा मंगळवार आणि शनिवार, बरी सेंट एडमंड्सचा बुधवार आणि शनिवार.

पहिली काळजी गाडीची. एरवी चौकात पार्किंग असतं आणि बाजाराच्या दिवशी तिथेच स्टॉल लागतात, त्याची पाटी छोटीशी, खांबावर उंच. आदल्या रात्री लावलेली गाडी सकाळी चीजच्या आणि माशांच्या स्टॉलमध्ये अडकलेली असते, वर दंडाचं तिकीट. म्हणून पाटीचं शेवटचं वाक्यसुद्धा वाचा.

खरेदीसाठी सकाळी जा, स्वस्तात हवं असेल तर बाजार उठायच्या वेळी, तेव्हा फळं-भाज्या बाऊलच्या हिशोबाने विकून टाकतात. पण बातमीसाठी जायचं असेल तर मधल्या निवांत वेळात. अंडीवाला, कापडवाली, किल्ल्या बनवणारा ही माणसं वर्षानुवर्षं त्याच जागी उभी असतात, कुठलं दुकान बंद होतंय, डॉक्टरांच्या जागी कोण आलं, रस्ता का खणलाय, सगळं त्यांच्याकडे असतं. पहिल्या दिवशी विचारू नका, हवापाण्याचं बोला, काहीतरी विकत घ्या, तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते आपणहून सांगायला लागतात. हवापाणी हा इथला खरा पासवर्ड आहे, थट्टा नाही.

काही जुन्या गावांत अजून आठवड्यात एका दुपारी बरीच दुकानं बंद असतात, बहुधा बुधवारी किंवा गुरुवारी. रविवारी मोठी सुपरमार्केटं सकाळी १० ते संध्याकाळी ६ यांच्या मधले सहाच तास उघडी राहू शकतात, १९९४ चा कायदा, छोट्या दुकानांना तो लागू नाही.

तुम्हालाच स्टॉल लावायचाय? वडे, लोणची, केक, काहीही? तर क्रम असा. खाण्याचा धंदा घरून करायचा असला तरी डिस्ट्रिक्टकडे (किंवा एकच मोठी काउन्सिल असेल तर तिच्याकडे) सुरू करायच्या २८ दिवस आधी नोंद करायची, ती फुकट आहे आणि नाकारली जात नाही. मग काउन्सिलचा स्वच्छता तपासणारा, एन्व्हायर्नमेंटल हेल्थवाला, घरी येऊन किचन बघतो आणि शून्य ते पाच रेटिंग देतो. घाबरायचं कारण नाही, पण फ्रिजचं तापमान लिहिलेली वही दाखवता आली तर माणूस खूश होतो. पदार्थातले अ‍ॅलर्जीचे घटक सांगता आले पाहिजेत, आणि आधीच पॅक करून विकत असाल तर लेबलवर पूर्ण यादी, ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीची. शेंगदाणे, काजू, तीळ, मोहरी, गहू, आपल्या बहुतेक पदार्थांत यातलं काहीतरी असतंच, तेव्हा हे मनावर घ्या. पब्लिक लायबिलिटीचा विमा (तुमच्यामुळे कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर त्यासाठीचा) बाजारवाले मागतातच. मग बाजाराच्या मॅनेजरला भेटायचं, कायमची जागा लगेच मिळत नाही, कॅज्युअल म्हणून सुरुवात करा, म्हणजे कुणी आलं नाही की त्याची जागा तुम्हाला. त्यासाठी पहाटे हजर राहावं लागतं, पावसात तर नक्कीच, कारण पावसातच जागा रिकाम्या पडतात.

डॉक्टर, औषधं

जीपीकडे (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव घालायला पत्त्याचा पुरावा, आयडी, व्हिसाची कागदं यातलं काहीही सक्तीचं नाही. रिसेप्शनवर मागितलं आणि तुमच्याकडे असलं तर द्या, नसलं म्हणून परत पाठवलं तर एनएचएस इंग्लंडच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) साइटवरचं हे वाक्य शांतपणे दाखवा. छोट्या गावात एकच सर्जरी (जीपीचा दवाखाना) असते आणि सकाळी आठला फोन लावायची झुंबड असते, पण १ ऑक्टोबर २०२५ पासून सर्जऱ्यांनी ऑनलाइन फॉर्म सकाळी ८ ते संध्याकाळी साडेसहा उघडा ठेवायचा असा नियम आलाय, तो वापरा.

त्याहून सोपं म्हणजे हाय स्ट्रीटवरचं (गावाच्या मुख्य रस्त्यावरचं) केमिस्ट. ३१ जानेवारी २०२४ पासून फार्मसी फर्स्ट नावाची योजना आहे, सात आजारांसाठी फार्मासिस्टच तपासून गरज असेल तर अँटिबायोटिकसकट औषध देतो, डॉक्टरची अपॉइंटमेंट लागत नाही. घसा, सायनस, मुलांचा कान, किडा चावलेली जागा चिघळणं, इम्पेटिगो (त्वचेचा संसर्ग), नागीण, आणि बायकांना होणारं लघवीचं साधं इन्फेक्शन. प्रत्येकाला वयाची अट आहे, विचारून घ्या. रात्री-अपरात्री काय करावं कळत नसेल तर १११, जिवावरचं असेल तर ९९९.

बस, बँक, लायब्ररी

बसचं एकेरी भाडं इंग्लंडमध्ये जानेवारी २०२५ पासून जास्तीत जास्त ३ पाउंड केलंय, बहुतेक कंपन्या त्यात आहेत. अडचण भाड्याची नाहीच, शेवटची बस संध्याकाळी सहाच्या सुमारास जाते आणि रविवारी गावाकडे बस फिरकतही नाही ही आहे. परत यायची बस आधी बघा, जायची नंतर. आई-बाबा कायमचे इथे राहायला आले असतील आणि इथल्या पेन्शनच्या वयाचे असतील तर बसचा फुकट पास निघतो, कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर चालतो.

बँकेच्या बऱ्याच शाखा बंद झाल्यात. पैसे भरणं-काढणं पोस्टात होतं, आणि काही गावांत बँकिंग हब आलंय, तिथे वेगवेगळ्या बँकांचा माणूस ठरलेल्या वारी येतो, सोमवारी एकाचा, मंगळवारी दुसऱ्याचा, दारावर यादी असते, आपला वार बघून जा.

लायब्ररीला कमी लेखू नका. फुकट कार्ड, फुकट कॉम्प्युटर, घरबसल्या ई-बुकं, लहान मुलांसाठी गाण्यांचा तास, थंडीत ऊब. नव्याने आलेल्या आईला गावात पहिली ओळख बहुतेक तिथेच होते.

मत आहे तुम्हाला

हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. भारतीय पासपोर्ट असला तरी कायदेशीर व्हिसावर इथे राहत असाल तर कॉमनवेल्थ नागरिक म्हणून तुम्हाला मतदार यादीत नाव घालता येतं, टाउन काउन्सिलपासून पार्लमेंटपर्यंत सगळ्या निवडणुकांत. गव्ह डॉट यूके वर पाच मिनिटांचं काम. मतदानाला २०२३ पासून फोटो आयडी लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो. यादीत नाव असलं की लोन-मॉर्गेजच्या वेळी पत्त्याची खात्री करायलाही उपयोग होतो. फॉर्म भरताना ओपन रजिस्टरमधून (मतदार यादीच्या कुणालाही विकत घेता येणाऱ्या प्रतीतून) नाव वगळायचा पर्याय येतो, तो निवडा, नाहीतर जाहिरातींची पत्रं येत राहतात. टाउन काउन्सिलच्या बऱ्याच जागांना उमेदवारच मिळत नाहीत, मग उरलेले सदस्य कुणालातरी नेमून घेतात. आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) झालेलं असेल आणि आवड असेल तर क्लार्कला विचारा.

खांबावरचा कागद

शेजाऱ्याला घर वाढवायचं असेल, मागच्या शेतात कॉलनी येणार असेल, तर खांबाला प्लॅनिंगचा कागद बांधलेला दिसतो, पावसाने भिजलेला, वरचा नंबर वाचता आला म्हणजे पुरे. तो नंबर काउन्सिलच्या साइटवर टाकला की नकाशे उघडतात. मत द्यायला साधारण २१ दिवस असतात. काय लिहायचं यावर सगळं अवलंबून आहे. "आमच्या घराची किंमत कमी होईल" किंवा "खिडकीतून दिसणारी टेकडी झाकली जाईल" हे धरतच नाहीत. ऊन-उजेड अडतो, बेडरूममध्ये डोकावता येईल, गाड्या कुठे लावणार, पाणी साचेल, हे मुद्दे धरतात. तुम्ही लिहिलेलं नाव-पत्त्यासकट साइटवर सगळ्यांना दिसतं, तेव्हा शेजाऱ्याशी बोलून मग लिहा, नुसतं लिहू नका.

हॉल आणि अलॉटमेंट

गणपती, मुलांचे वाढदिवस, हळदीकुंकू यासाठी चर्च हॉल, स्काउट हट, कम्युनिटी सेंटर तासाच्या हिशोबाने मिळतात आणि हॉटेलपेक्षा फार स्वस्त पडतात. बुकिंग करणाऱ्या आजी ईमेलला चार दिवसांनी उत्तर देतात, फोन करा. तीन गोष्टी आधीच विचारा, किचनमध्ये तळण चालेल का, समई-निरांजन लावलं तर फायर अलार्मचं काय, आणि खुर्च्या कोण लावणार (तुम्हीच). दारू विकणार असाल तर टेम्पररी इव्हेंट नोटीस लागते, २१ पाउंड, निदान दहा वर्किंग डे आधी काउन्सिलकडे.

अलॉटमेंट म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणारा तुकडा, पूर्ण प्लॉट साधारण २५० चौरस मीटरचा. नव्या माणसाला तो झेपत नाही, अर्धा मागा. टाउन काउन्सिलची वेटिंग लिस्ट असते, म्हणून गावात आल्याच्या पहिल्या महिन्यातच नाव घाला, मग मिळेल तेव्हा मिळेल. गावात अलॉटमेंट नसतीलच तर सहा मतदारांनी मिळून काउन्सिलला तशी लेखी मागणी करता येते, १९०८ च्या कायद्यात तरतूद आहे, काउन्सिलला त्याचा विचार करावाच लागतो. मेथी आणि पालक इथल्या उन्हाळ्यात छान येतात, मिरची मात्र काचेखाली. आणि घर किंवा ईमेल बदललं तर क्लार्कच्या ऑफिसला कळवा, पत्राला उत्तर आलं नाही की लिस्टवरून नाव काढून टाकतात.